१ सप्टेंबर १९४०चे भाडे

मुंबईच्या भाडेनियंत्रणाचे कागद चाळताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख वारंवार समोर येते. ती १९४७च्या कायद्यातील पाचव्या कलमाच्या दहाव्या पोटकलमात आहे. ‘प्रमाण भाडे’ कशाला म्हणायचे, हे तिथे सांगितले आहे. १९३९ किंवा १९४४च्या कायद्याखाली भाडे आधीच ठरवून मिळाले असेल, तर ते प्रमाण भाडे. तसे नसेल, तर १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडे होते ते. त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसेल, तर त्यापूर्वी शेवटचे जे भाडे होते ते. आणि जागा पहिल्यांदा भाड्याने गेली तीच नंतर, तर पहिल्या भाडेकरूने जे दिले ते. या भाड्याबद्दल तंटा असल्यास अकराव्या कलमाखाली न्यायालयाने ते ठरवायचे.

हा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. त्याला मुदत घातलेली होती. ती पुन्हापुन्हा वाढवली गेली आणि कायदा अखेर ३१ मार्च २००० रोजी इतिहासजमा झाला. बावन्न वर्षे मुंबईतल्या हजारो जुन्या इमारतींचे उत्पन्न या एका तारखेशी बांधलेले राहिले.

भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणाच्या आठवणी मुंबईच्या प्रत्येक जुन्या वाडीत ऐकायला मिळतात. त्या खऱ्या असतात, पण एका बाजूच्या असतात. म्हणून इथे आधार घेतला आहे तो कायद्यांच्या कलमांचा, दुरुस्त्यांचा, जनगणनेच्या आकड्यांचा आणि न्यायनिर्णयांचा. हे कागद ओळीने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे: दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. त्यांच्यातला हिशेब मिटवणे हे राज्यकर्त्यांचे काम होते, आणि त्यांनी ते प्रत्येक मुदतवाढीबरोबर पुढे ढकलले. त्याची किंमत इमारतींनी आणि त्यांच्या छताखाली राहणाऱ्या माणसांनी मोजली.

युद्धापुरती सोय

सुरुवात पहिल्या महायुद्धात होते. १९१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोत भाडेवाढीविरुद्ध कामगार वस्त्यांतल्या बायका उभ्या राहिल्या, भाडे द्यायला त्यांनी नकार दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटने युद्धकाळापुरता भाडेनिर्बंध कायदा केला. मुंबईत १९१८ साली एका वर्षात असे दोन कायदे झाले. दोहोंच्या नावात ‘युद्धकालीन निर्बंध’ हे शब्द आहेत. भाडे मोजण्यासाठी त्यांनी १ जानेवारी १९१६ ही तारीख धरली, म्हणजे जेमतेम दोन वर्षे मागची.

त्या वेळच्या मुंबईची स्थिती जनगणनेत दिसते. १९११ साली शहराची लोकसंख्या ९,७९,४४५ होती, १९२१ साली ती ११,७५,९१४ झाली. १९२१च्या गणनेनुसार शहरातले सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. गिरण्या जोरात होत्या, माणसे येत होती आणि युद्धामुळे लोखंड व इमारतीचे इतर सामान मिळत नव्हते. नवी घरे उभी राहणे शक्य नसताना भाडे वाढले, तर त्यातून एकही खोली जास्त निर्माण होत नाही; मालकाला केवळ टंचाईचा नफा मिळतो. १९१८च्या कायद्यामागचा हा विचार मला आजही बिनतोड वाटतो. टंचाई तात्पुरती आहे, तोवर रोखून धरा, असा त्याचा अर्थ होता.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस हे निर्बंध उठले. दरम्यान सरकार स्वतःच घरमालक झाले होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली विकास खाते स्थापन झाले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे त्याच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्याच बीडीडी चाळी. शहरात घरांची ओरड असताना या चाळींतल्या हजारो खोल्या बराच काळ रिकाम्या राहिल्या. गिरणीपासूनचे अंतर, सोयींचा अभाव आणि मजुरीच्या मानाने न परवडणारे भाडे ही त्याची कारणे होती. टंचाई खोल्यांची होतीच. पण कामगाराच्या पगारात बसेल अशा भाड्याच्या खोल्यांची टंचाई त्याहून मोठी होती. पुढच्या सगळ्या वादात ही गोष्ट विसरली गेली. भाडे आणि पगार यांतली दरी जर मालकाने भरायची नसेल, तर ती कोणीतरी भरावी लागते.

तारीख गोठते

१९३७ साली प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्याच्या काळात भाड्यांची चौकशी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३९ साली निघाला आणि त्याच वर्षी भाडेनिर्बंधाचा नवा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याची व्याप्ती अपुरी पडली म्हणून १९४४ साली दुसरा कायदा आला, आणि या दोन्हींचे एकत्रीकरण करून १९४७चा.

१ सप्टेंबर १९४० हा दिवस कसा होता, ते लक्षात घ्यायला हवे. युरोपातल्या युद्धाला वर्ष झाले होते, पण हिंदुस्थानातली युद्धकालीन महागाई अजून भडकायची होती. त्यामागे मंदीचे एक दशक होते. म्हणजे कायद्याने धरलेले भाडे मुळात उतरत्या काळाच्या शेवटचे होते. पुढे शहर किती वाढले, ते आकडेच सांगतात. १९४१ साली मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे १४.९ लाख होती. १९५१ साली ती २३.३ लाख झाली. युद्धाने आलेले कामगार होते, फाळणीने आलेले निर्वासित होते. अशा वेळी भाडी मोकळी सोडली असती, तर लाखो माणसे रस्त्यावर आली असती. १९४७ साली हा कायदा करणाऱ्यांना मी दोष देत नाही. १९५७ साली, १९६७ साली, १९७७ साली तीच तारीख तशीच पुढे चालवणाऱ्यांना मात्र विचारावे लागते.

कलमांत उमटलेले भांडण

कायद्यातली प्रत्येक बंदी ही कुठल्या तरी तक्रारीची नोंद असते. अशी घटना किती वेळा घडली हे बंदीवरून सांगता येत नाही, पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होते, ते नक्की कळते. या दृष्टीने १९४७ची कलमे वाचली, तर दोन्ही पक्षांचे आवाज त्यांत ऐकू येतात.

बारावे कलम भाडेकरूच्या बाजूचे. तो प्रमाण भाडे आणि अनुज्ञेय वाढ देत आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा, तर आधी लेखी नोटीस देऊन महिनाभर थांबावे लागते. चोविसाव्या कलमाने पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडायला मनाई केली. नळ बंद करून भाडेकरूला जेरीस आणण्याचा उपाय तेव्हाही ठाऊक होता, एवढे यावरून निश्चित. सव्विसावे कलम मालकाला मिळालेल्या रकमेची पावती देणे बंधनकारक करते. पावतीच न देता पुढे थकबाकीचा दावा लावणे, ही भीती त्यामागे उघड दिसते.

तेरावे कलम मालकाचे म्हणणे ऐकते. त्याला जागेची स्वतःसाठी वाजवी आणि खरीखुरी गरज असेल, तर ताबा मिळू शकतो. पण तिथेही न्यायालयाने दोघांच्या अडचणी ताडून पाहायच्या. जागा न मिळाल्याने मालकाचे जास्त हाल होतील की सोडावी लागल्याने भाडेकरूचे, हे ठरवायचे. सतरावे कलम तर आणखी पुढे जाते. स्वतःच्या गरजेसाठी म्हणून घेतलेल्या जागेत मालक मुदतीत राहायला गेला नाही, तर जुना भाडेकरू ती परत मागू शकतो. एकमेकांवर इतका अविश्वास असलेल्या दोन माणसांमध्ये न्याय करायचा भार धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयावर पडला. तिथले दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले. पाचव्या कलमानेच भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा दर्जा दिला होता, त्यामुळे दावाही वारशाने मिळू लागला.

अठरावे आणि एकोणिसावे कलम पागडीविषयी आहे. जागा देताना मालकाने भाड्यावर रक्कम घेणे गुन्हा ठरवले गेले, आणि जागा सोडताना भाडेकरूने पैसे घेणेही बेकायदा ठरले. पागडीची पावती कोणी देत नसे, म्हणून तिचे व्यवहार दप्तरात सापडत नाहीत. पण एकाच कायद्यात दोन्ही बाजूंवर बंदी घालावी लागली, यावरून दोन्ही बाजू या व्यवहारात होत्या हे सिद्ध होते. मालकाने कागदावर गमावलेले भाडे रोख रकमेत परत मिळवले. भाडेकरूने कधीतरी मोजलेली पागडी जागा सोडताना वसूल केली, आणि त्यातला वाटा मालकाला देऊन नव्या माणसाच्या नावे भाडेपावती करून घेतली. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नव्हता, त्या नव्याने मुंबईत आलेल्या माणसाला स्वस्त भाड्याचा उपयोग झाला नाही. त्याच्यासाठी उरली ती झोपडपट्टी किंवा दुसऱ्याच्या खोलीतली पथारी.

आणखी एक गोष्ट. सहाव्या कलमानुसार हा कायदा राहण्याच्या जागांबरोबरच शिक्षण, व्यापार, धंदा आणि साठवणीच्या जागांनाही लागू होता. गिरणगावातल्या एका खोलीत राहणारा कामगार आणि फोर्टमध्ये प्रशस्त कचेरी असलेली कंपनी यांना एकच संरक्षण मिळाले. गरिबांसाठी उभारलेल्या भिंतीच्या सावलीत श्रीमंत भाडेकरूही बसले. मालकही एकाच प्रकारचे नव्हते. काही धनाढ्य होते, काही धर्मादाय संस्था होत्या, आणि काहींचा निर्वाह एखाद्या चाळीच्या भाड्यावरच होता. कायद्याने या सगळ्यांना दोनच रकान्यांत बसवले.

दुरुस्तीचे पैसे कोणाचे?

१९४७च्या कायद्याचे दीर्घ शीर्षक वाचले, की त्यात भाड्याच्या बरोबरीने आणखी एका गोष्टीचे नियंत्रण करण्याचा उद्देश सांगितलेला दिसतो: जागांची दुरुस्ती. तेविसाव्या कलमाने इमारत चांगल्या स्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्याने ती टाळली, तर नोटीस देऊन भाडेकरूंनी स्वतः दुरुस्ती करावी आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही सोय ठेवली.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, १ सप्टेंबर १९४० रोजी एका खोलीचे भाडे दहा रुपये होते. १९६५ साली मालमत्ता कर वाढला, तर ती वाढ भाडेकरूकडून घेता येत होती. पण मूळ दहा रुपये तेच राहिले. सिमेंट, लोखंड, सागवान, गवंड्याची मजुरी मात्र १९६५च्या भावाने. अशा वीस खोल्यांच्या चाळीचे मूळ भाडे महिन्याला दोनशे रुपये. त्यातून एक जिना बदलायचा, तरी किती महिन्यांचे उत्पन्न लागेल? आणि भाडेकरूंनी खर्च करून भाड्यातून कापायचा म्हटले, तरी कापायला भाडेच पुरेसे नव्हते. कायद्याने कर्तव्य मालकावर टाकले, हक्क भाडेकरूला दिला, पण पैसे दोघांपैकी कोणाकडेच ठेवले नाहीत. या संपूर्ण इतिहासातली सर्वांत मोठी चूक मला इथे दिसते, आणि ती कलमात लिहिलेली असूनही कोणी वेळीच सुधारली नाही.

भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे हळूहळू थांबले. मालकी हक्काच्या सदनिकांचा व्यवहार इतका वाढला, की १९६३ साली राज्याला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जुन्या शहरात मात्र लाकडी तुळया कुजत होत्या आणि दर पावसाळ्यात घरे कोसळल्याच्या बातम्या येत होत्या. १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. त्याने जुन्या खाजगी इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती करायची ठरवली. अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी १६,५०२ इमारती पहिल्या वर्गात, म्हणजे १ सप्टेंबर १९४०पूर्वी बांधलेल्या होत्या. प्रमाण भाड्याची तारीख आणि मोडकळीची तारीख एकच निघाली. या उपकराला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि न्यायालयाने तो वैध ठरवला. १९७७ साली म्हाडा स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे गेले. १९४७ सालीच मान्य करायला हवे होते ते सरकारने बावीस वर्षांनी मान्य केले: गोठवलेल्या भाड्यात दुरुस्ती होत नाही.

मागून येणारी मान्यता

१९४७नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये एक क्रम दिसतो. मूळ कायद्याच्या पंधराव्या कलमाने पोटभाडेकरू ठेवायला बंदी घातली. बंदी असूनही प्रथा वाढली, तेव्हा २१ मे १९५९पूर्वीच्या पोटभाडेकरूंना मान्यता देण्यात आली. नवा भाडेकरू कायम होऊन बसतो म्हणून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग काढला. तो सर्रास झाला, तेव्हा १९७३ साली पंधरा-अ हे कलम आले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पागडीवर तर अर्धशतक बंदी होती, आणि १९९९च्या कायद्याच्या छप्पन्नाव्या कलमाने तीही कायदेशीर केली.

या तिन्ही वेळी सरकारने अडलेल्या माणसाला सोडवले, हे मान्य केले पाहिजे. पण प्रत्येक वेळी मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: कोणालाही जागा द्यायची, तर तो कायम राहणार असे धरूनच द्यावी किंवा देऊच नये. कुलूप लावलेल्या रिकाम्या खोल्या आणि बेघर माणसे एकाच गल्लीत दिसू लागली, त्यामागे हा धडा आहे.

१९ डिसेंबर १९९७

भाडे सुधारावे, असे सांगणारे अहवाल नव्हते असे नाही. १९७०च्या दशकात राज्याने नेमलेल्या तांबे समितीने हा विषय तपासला होता. केंद्राच्या पातळीवर १९८०च्या दशकारंभी लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक प्रशासन सुधारणा आयोगाने भाडेनियंत्रणावर अहवाल दिला, आणि १९९२ साली राज्यांसाठी नमुना कायदाही तयार झाला. राज्यात मुदतवाढ चालूच राहिली. भाडेकरूंची मते मालकांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती, हे दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना ठाऊक होते.

अखेर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ डिसेंबर १९९७च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की प्रमाण भाड्याच्या तरतुदी केल्या तेव्हा वैध होत्या, पण काळ जाईल तशा त्या अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. तरीही न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून ते काम विधिमंडळावर सोडले. त्यानंतरही मुदत वाढली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला तो ३१ मार्च २००० रोजी.

या कायद्याने राज्यातले तीन वेगवेगळे प्रवाह एकत्र आणले. पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईला १९४७चा कायदा होता. विदर्भात १९४९चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश चालू होता, ज्यात भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्याआधी नियंत्रकाची परवानगी लागे. मराठवाड्यात १९५४चा हैदराबाद कायदा होता. नव्या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. कामगार आणि कंपनी यांतला फरक कायद्याने ओळखला, पण त्याला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

राहत्या घरांचे काय झाले? १९८७पूर्वीच्या भाड्यावर पाच टक्के वाढ आणि पुढे दरवर्षी चार टक्के. आपल्या उदाहरणातली दहा रुपयांची खोली साडेदहा रुपयांवर आली. चार टक्क्यांनी पंचवीस वर्षे वाढल्यावर ती अठ्ठावीस रुपयांच्या आसपास पोहोचते. कर वेगळा. एवढ्या रकमेत इमारत राखता येत नाही, हे भाडेकरूही जाणतो. मग दोघांचे डोळे पुनर्विकासाकडे लागतात, जिथे दुरुस्तीचा खर्च भाड्यातून न येता वाढीव चटईक्षेत्रातून, म्हणजे विकासकाच्या नफ्याच्या अपेक्षेतून यायचा असतो. जिथे नफा दिसत नाही, तिथे टेकू लावलेली इमारत तशीच उभी राहते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली.

१९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण जोडले गेले होते. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला देण्याची तरतूद त्यात होती. मालकांच्या संघटनेची त्याविरुद्धची याचिका नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत गेली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. १९१८ साली युद्धापुरता म्हणून सुरू झालेला वाद एकशे सहा वर्षांनी राज्यघटनेच्या अर्थापर्यंत पोहोचला.

या कागदांतून आजच्या धोरणासाठी मला तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. भाडेकरूला घरातून हुसकावले जाणार नाही ही हमी आणि भाडे कायमचे गोठवणे या वेगळ्या बाबी आहेत; पहिली टिकवून दुसरी सोडता येते. भाड्यातला एक हिस्सा दुरुस्तीसाठी राखून तो त्याच इमारतीवर खर्च होईल, अशी तजवीज कायद्यातच हवी. केवळ कर्तव्य लिहून भागत नाही. आणि ज्या कुटुंबाला वाजवी भाडेही परवडत नाही, त्याला मदत जरूर मिळावी, पण ती सरकारी तिजोरीतून, सगळ्या समाजाच्या खर्चाने. एका इमारतीच्या मालकाकडून ती सक्तीने घेतली, की तो दुरुस्ती थांबवून ती परत वसूल करतो, आणि ज्याला मदत करायची होती तोच भाडेकरू धोकादायक छताखाली झोपतो.